नवा जिल्हा होतो तेव्हा नेमकं काय होतं, आणि काय होत नाही

प्रश्न असा आहे: आमचा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून नव्वद किलोमीटरवर आहे. नवा जिल्हा होणार, असं शाळेत असल्यापासून ऐकतोय. जिल्हा नेमका कोण करतं, कोणत्या कायद्याने करतं, घोडं अडतं कुठे, आणि झालाच तर आमच्या सातबाऱ्याचं, दाखल्यांचं, कोर्टातल्या तारखांचं काय होतं?

महसूल खात्यात माझी तेहतीस वर्षं गेली. लिपिक म्हणून लागलो, उपजिल्हाधिकारी म्हणून बाहेर पडलो. मधली दोन-सव्वादोन वर्षं एका जिल्हा विभाजनाच्या कामात होतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कायद्याचा भाग सगळ्यात सोपा, तो आधी उरकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४. कोणते जिल्हे मिळून विभाग, कोणते उपविभाग मिळून जिल्हा, कोणते तालुके मिळून उपविभाग आणि कोणती गावं मिळून तालुका, हे राज्य शासन राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतं. हद्द बदलणं, एखादं क्षेत्र रद्द करणं, नाव बदलणं, सगळं याच कलमात बसतं. त्यासाठी विधेयक आणावं लागत नाही. राज्याची हद्द बदलायची तर संसदेत जावं लागतं, जिल्ह्याची बदलायला नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि खासदाराकडे निवेदनं घेऊन जातात. अट एकच आहे, पण तीच पुढे कामाला येते: आधी प्रारूप अधिसूचना काढायची, हरकती-सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा आणि मगच अंतिम अधिसूचना. तालुक्याच्या खालची सजा (एका तलाठ्याकडची गावं) आणि मंडळं (काही सजांचा गट) ठरवणं तर जिल्हाधिकाऱ्याच्याच हातात असतं.

म्हणजे कागदाचं काम किती दिवसांचं? पालघरचं उदाहरण घ्या. जून २०१४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा अस्तित्वात आला. दोन महिनेही लागले नाहीत. त्या आधीची मागणी मात्र कित्येक वर्षं जुनी. मग मधली वर्षं जातात कुठे, हा खरा प्रश्न.

थोडा इतिहास पाहू, कारण तारखाच पुष्कळ बोलतात. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला आणि औरंगाबादमधून जालना. जालन्याला परभणीचा परतूर तालुकाही जोडला. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपूरमधून गडचिरोली. १९९० मध्ये मुंबई उपनगर. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार, अकोल्यातून वाशिम. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. मग पंधरा वर्षं काही नाही, आणि २०१४ मध्ये पालघर, छत्तिसावा. त्यानंतर आजतागायत एकही नाही. जिल्हे असे झुबक्याने येतात, बहुतेक दोन-दोनच्या जोडीने येतात. एका भागाला दिला की दुसऱ्या भागाला द्यावा लागतो, हे त्यामागचं साधं राजकारण. १९९९ आणि २०१४ या दोन्ही वर्षी विधानसभेच्या निवडणुका होत्या, हेही लक्षात घ्या. दर १ मे आणि २६ जानेवारीच्या आधी मोबाईलवर एकवीस-बावीस नव्या जिल्ह्यांची यादी फिरते, तिच्यामागे मात्र अधिसूचना कधीच नसते. राजपत्रात येत नाही तोवर ती करमणूक समजा.

आता घोडं कुठे अडतं. नव्वद टक्के ठिकाणी ते मुख्यालयावर अडतं. जिल्हा हवा याबद्दल सगळ्या तालुक्यांचं एकमत असतं, आणि ते एकमत मुख्यालयाचं नाव निघेपर्यंतच टिकतं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा: १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके. त्याचं विभाजन व्हावं यावर उत्तर भागात फारसा वाद नाही. पण मुख्यालय संगमनेर की श्रीरामपूर की शिर्डी, यावर कित्येक सरकारं आली आणि गेली. प्रत्येक गावाकडे आपापली कारणं आहेत आणि ती सगळी खरी आहेत. बाजारपेठ, रेल्वे, देवस्थान, साखर कारखाने, मोकळी सरकारी जमीन, जे ज्याच्याकडे असेल तोच निकष, असं त्याचं म्हणणं.

पालघरच्या वेळी जव्हारने जोर धरला होता. जव्हारचा दावा हवेतला नव्हता. ते १९४८ पर्यंत संस्थानाच्या राजधानीचं गाव, आदिवासी भागाच्या मध्यावर, आणि ठाणे जिल्हा एकत्र असताना तिथे अप्पर जिल्हाधिकाऱ्याचं कार्यालयही होतं. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला पालघर सोयीचं नाही, हे नकाशा न बघताही कळतं. पण पालघर पश्चिम रेल्वेवर, आणि वसईसारखा दाट वस्तीचा तालुका त्याच मार्गावर. आठ तालुक्यांची बेरीज केली की माणसं कुठे जास्त आहेत आणि गाड्या कुठे थांबतात, याला वजन येतं. मला विचाराल तर मुख्यालय पालघरला गेलं त्यात प्रशासनाचा हिशेब बरोबर होता, आणि जव्हारची तक्रारही बरोबर होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अशा ठिकाणी अप्पर जिल्हाधिकाऱ्याला पुरते अधिकार देऊन बसवणं हाच मधला मार्ग असतो. त्याकडे पुढे येतो.

हाच खेळ वरच्या पातळीवर, विभागांच्या बाबतीतही होतो. राज्यात सहा महसुली विभाग आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. मराठवाड्याचे आठ जिल्हे एकाच आयुक्ताखाली आहेत आणि किनवटच्या माणसाला आयुक्तालय म्हणजे दुसऱ्या राज्याइतकं लांब. दुसरं आयुक्तालय हवं, इथवर वाद नव्हता. २००९ मध्ये ते नांदेडला करायचं ठरलं, तर लातूर पेटलं. मोर्चे झाले, बंद झाले, प्रकरण न्यायालयात गेलं. २०१५ मध्ये पुन्हा नांदेडच्या बाजूने प्रारूप अधिसूचना निघाली, पुन्हा तेच. विभाग आजही सहाच आहेत. आयुक्तालयाचा सामान्य माणसाशी रोजचा संबंध किती? अपिलाचा एक टप्पा, जिल्हा परिषदेच्या कारभारावर देखरेख, नायब तहसीलदारांची ज्येष्ठता यादी. पण शहराच्या दृष्टीने तो मान असतो, कार्यालयं येतात, जमिनीचे भाव चढतात. भांडण त्या भावांचंही असतं, निवेदनात ते लिहिलेलं नसतं एवढंच.

मुख्यालयानंतरची अडचण पैशाची, आणि त्यातही इमारतींपेक्षा पदांची. जिल्हा मागणारे नकाशा पाहतात, मंत्रालयातला वित्त विभाग आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, पाहतो. जिल्हा म्हणजे एक जिल्हाधिकारी नव्हे. पोलीस अधीक्षक, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा कोषागार, कृषी अधीक्षक, भूमी अभिलेख, सहकार उपनिबंधक, समाजकल्याण, पुरवठा, नियोजन, भूजल सर्वेक्षण, माहिती अधिकारी... पन्नासच्या आसपास कार्यालयं सहज होतात. प्रत्येकाला प्रमुख, लेखापाल, लिपिक, वाहनचालक, शिपाई. ही पदं मंजूर करायची म्हणजे त्यांचा पगार कायमचा माथी घ्यायचा. म्हणून होतं असं, की घोषणेच्या दिवशी मोजकी कार्यालयं सुरू होतात आणि बाकीची ‘टप्प्याटप्प्याने’. हा शब्द आदेशात दिसला की समजावं, आता दहा वर्षं. मी पाहिलेल्या विभाजनात पहिल्या वर्षी एकेका अधिकाऱ्याकडे तीन-तीन अतिरिक्त कार्यभार होते. जुन्या जिल्ह्यातले अधिकारी सोमवार-मंगळवार नव्या गावी येऊन बसायचे. लोक नव्या कार्यालयात जायचे तर खुर्ची रिकामी, जुन्यात जायचे तर तिथला कारकून म्हणायचा, तुमचं आता इकडे नाही.

इमारतीचंही तेच. पालघरचं मुख्यालय संकुल सिडकोने उभं केलं आणि त्याचं उद्घाटन २०२१ मध्ये झालं, जिल्हा होऊन सात वर्षांनी. तोवर जिथे जागा मिळेल तिथे कारभार. आणि हे मुंबईच्या जवळ असलेल्या जिल्ह्याचं.

आता प्रत्यक्ष विभागणी कशी होते ते सांगतो. नकाशावर पेन्सिलीने रेघ मारून जिल्हा तोडत नाहीत. महसुली गाव ही वीट. ती कधी फुटत नाही. रेघ नेहमी गावाच्या शिवेवरून जाते. बहुतेक वेळा अख्खे तालुके इकडे-तिकडे जातात आणि काम सोपं असतं. पण तालुकाच तोडून नवा तालुका करायचा असला की गावागणिक भांडण. मी ज्या विभाजनात होतो त्यातल्या हरकतींच्या सुनावणीत मी पेशकाराशेजारी बसून टिपणं घेत होतो. चारशेवर हरकती होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच मजकुराच्या झेरॉक्स, खाली फक्त सह्या आणि अंगठे वेगळे. एका गावाच्या वतीने एक म्हातारे पाटील आले होते. वकील नव्हता, कागद नव्हता. म्हणाले, “साहेब, आमचा बाजार बुधवारचा, तो त्या गावाला. एसटी सकाळी सातची, ती त्या गावाला. पोरी दिल्यात त्या अंगाला. तुमचा नवा तालुका या अंगाला. मग आम्ही कुठं जायचं?” किलोमीटरने मोजलं तर नवं ठिकाण त्यांना सहा किलोमीटर जवळ होतं. पण मध्ये ओढा होता आणि पावसाळ्यात रस्ता बंद. ते गाव जुन्याच तालुक्यात राहिलं. तेव्हापासून मी कोणत्याही हद्दीच्या प्रस्तावात बाजार, एसटी आणि सोयरीक या तीन गोष्टी विचारायला लागलो. सरकारी निकषांत अंतर, लोकसंख्या, क्षेत्रफळ, गावांची संख्या असं सगळं असतं, ते हवंच. पण माणसं रोज ज्या वाटेने जातात ती वाट नकाशात नसते.

मग दप्तर. याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते विभाजनातलं सर्वांत नाजूक काम हेच. तलाठी आणि तहसील पातळीवरचं दप्तर हलत नाही, ते जागेवरच असतं. म्हणून तुमच्या सातबाऱ्याला धक्का लागत नाही. गट क्रमांक तोच, फेरफार क्रमांक तोच, फक्त वरच्या जिल्ह्याचं नाव बदलतं. प्रश्न येतो तो जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातल्या दप्तराचा. तिथे गावागावाचे रुमाल असतात, तांबड्या कापडात बांधलेले. ते गावनिहाय लावलेले असतील तर उचलून ट्रकमध्ये घालता येतात. पण कित्येक नोंदवह्या जिल्हानिहाय आणि वर्षनिहाय असतात: इनामांच्या, वतनांच्या, शासकीय जमीन वाटपाच्या, भूसंपादन निवाड्यांच्या. एकाच पानावर वर इकडचं गाव आणि खाली तिकडचं. ती वही फाडायची कशी? मूळ वही जुन्या जिल्ह्यात ठेवायची आणि नव्याला साक्षांकित प्रत द्यायची, हा मार्ग. त्या काळी प्रती काढायच्या म्हणजे चार कारकून आणि एक झेरॉक्स मशीन. अर्ध्या वह्यांच्या प्रती झाल्या, अर्ध्या ‘मागणीनुसार देऊ’ म्हणून राहिल्या.

याची किंमत पुढे लोक मोजतात. मराठवाड्यात निजामकालीन कागद उर्दूत, इतरत्र जुने कागद मोडीत. कुणबी नोंदी शोधायची धावपळ २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा नव्या जिल्ह्यातली माणसं जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षाबाहेर रांगा लावून होती. तुमच्या आजोबांचा कागद जिल्हा फुटला त्या दिवशी नव्या गावी गेला असेल, असं गृहीत धरू नका. तारीख पाहा. विभाजनाआधीचा कागद असेल तर आधी जुन्या जिल्ह्यात चौकशी करा.

चालू प्रकरणांचं असंच. महसुली अपिलं, कुळ कायद्याची प्रकरणं, वर्ग-२ जमिनीच्या विक्री परवानग्या, गौण खनिजाच्या दंडाची प्रकरणं, सगळी नव्या जिल्ह्याकडे वर्ग होतात. वर्ग करताना यादी दोन प्रतींत होते आणि दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, निदान व्हायला हव्यात. एका शेतकऱ्याचं दुसरं अपील या दोन कार्यालयांच्या मध्ये तीन वर्षं हरवलं होतं. जुनं कार्यालय म्हणायचं पाठवलं, नवं म्हणायचं आलं नाही. शेवटी ती फाईल एका जिल्ह्याच्या निवडणूक शाखेच्या कपाटात सापडली, मतदार यादीच्या गठ्ठ्याखाली. ट्रक रिकामा करताना हमालांनी जिथे जागा दिसली तिथे टाकली होती. तेव्हा ज्यांची प्रकरणं चालू आहेत त्यांनी विभाजनाच्या दिवशी नवा प्रकरण क्रमांक लेखी मागून घ्यावा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

कर्मचाऱ्यांचा विषय निघाला की नव्या जिल्ह्याच्या आनंदात विरजण पडतं. तलाठी, अव्वल कारकून, मंडळ अधिकारी यांची ज्येष्ठता जिल्ह्यावर. जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक यांचीही जिल्ह्यावरच. जिल्हा फुटला की ज्येष्ठता यादी फुटते. विकल्प मागवतात: कोण इकडे, कोण तिकडे. डोंगराळ, आदिवासी बाजू नवीन जिल्ह्यात गेली असेल तर तिकडचे विकल्प कमी येतात आणि मग कनिष्ठांना सक्तीने पाठवतात. आरक्षणाची बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाचं याची यादी, नव्याने करावी लागते. ती तपासून होईपर्यंत भरती आणि पदोन्नती दोन्ही थांबतात. शिक्षकांची जी आंतरजिल्हा बदलीची रडकथा असते, तिचं मूळ पुष्कळदा अशाच एखाद्या विभाजनात सापडतं.

जिल्हा परिषद हा वेगळाच अध्याय. ती १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती कायद्याखालची संस्था, स्वतःची मालमत्ता आणि स्वतःचं देणं असलेली. जिल्हा फुटला की तिचंही विभाजन करावं लागतं, गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ) आणि गण (पंचायत समितीचे) नव्याने पाडावे लागतात, निवडणुका घ्याव्या लागतात. पालघर जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक २०१५ च्या सुरुवातीला झाली. पण मागे उरलेल्या ठाणे जिल्हा परिषदेची व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं, तोवर प्रशासक. सत्कार नव्या जिल्ह्याचे होतात, आणि जुन्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. नंदुरबार गेल्यावर धुळ्याकडे चार तालुके उरले: धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. सातपुडा उतरून, तापी ओलांडून धुळ्याला येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणं. पण जिल्हा नियोजनाचा निधी लोकसंख्या, क्षेत्रफळ, मागासलेपण असल्या सूत्रावर ठरतो, तेव्हा दोन वाटे होतात. एकूण रक्कम दुप्पट होत नाही.

आणि काय फुटत नाही, तेही ऐका. जिल्हा मध्यवर्ती बँक बहुधा फुटत नाही. नंदुरबार होऊन पाव शतक उलटलं तरी बँक धुळे-नंदुरबारची एकत्रच. हिंगोलीला परभणीची बँक, वाशिमला अकोल्याची, पालघरला ठाण्याची. बँक फोडायची म्हणजे ठेवी आणि थकबाकी दोन्ही वाटायच्या, आणि थकबाकी घ्यायला कुणी तयार नसतं. विधानसभा आणि लोकसभेचे मतदारसंघही हलत नाहीत. ते २००८ च्या पुनर्रचनेप्रमाणे आहेत तसेच. हिंगोली लोकसभेत यवतमाळचं उमरखेड आणि नांदेडचे किनवट-हदगाव आहेत. वाशिम जिल्ह्यातलं रिसोड अकोला लोकसभेत. न्यायालयांचं तर गणितच निराळं. महसुली जिल्हा झाला म्हणजे जिल्हा न्यायालय झालं असं नाही. त्यासाठी १८६९ च्या दिवाणी न्यायालय कायद्याखाली स्वतंत्र प्रक्रिया असते, उच्च न्यायालयाचा विचार घ्यावा लागतो, इमारत आणि न्यायाधीश हवेत. तोवर तुमच्या तारखा जुन्याच गावी. अनुसूचित क्षेत्राचा दर्जा मात्र राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेला, तो जिल्ह्याचं नाव बदलल्याने जात नाही. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांतल्या लोकांना विभाजनाच्या वेळी याचीच भीती घातली जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता मूळ दुखणं, अंतर. इथे माझं मत आंदोलन करणाऱ्यांना आवडत नाही. गडचिरोली चंद्रपूरमधून निघाला १९८२ मध्ये. तरीही सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त. म्हणून आता अहेरी जिल्ह्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे. म्हणजे फोडून फोडून तुम्ही किती फोडणार? त्याआधी एक हिशेब घरी बसून करा: गेल्या पाच वर्षांत तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी नेमके कशासाठी गेलात? सातबारा आणि आठ-अ ऑनलाईन मिळतात. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला तहसीलला. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतो. उरतं काय? दिव्यांग प्रमाणपत्र, जात पडताळणी, जमिनीचं दुसरं अपील, वर्ग-२ ची परवानगी, आरटीओ, ग्राहक आयोग, पोलीस अधीक्षकाची भेट आणि मोठं आजारपण. यातल्या दुसऱ्या अपिलासाठी अप्पर जिल्हाधिकारी पुरतो. दिव्यांग तपासणीसाठी उपजिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी पथक बसलं तरी पुरतं. शेवटच्या गोष्टीसाठी मात्र जिल्हा नव्हे, डॉक्टर लागतात.

मालेगाव, अंबाजोगाई, अहेरी इथे अप्पर जिल्हाधिकारी आहेतच. शिर्डीच्या कार्यालयाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. आंदोलक याला ‘गाजर’ म्हणतात. कधीकधी ते असतंही, कारण पद देतात आणि अधिकार देत नाहीत. अप्पर जिल्हाधिकाऱ्याला कोणत्या तालुक्यांचे, कोणत्या कलमांखालचे अधिकार दिले, याचा आदेश मागा. तो आदेश नसेल तर ती खुर्ची फक्त स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनासाठी आहे. आदेश असेल तर लोकांचं निम्म्याहून जास्त काम जवळ येतं, तेही दप्तर न फोडता.

बाहेरच्या राज्यांची उदाहरणं लोक देतात. तेलंगणाने ११ ऑक्टोबर २०१६ ला, दसऱ्याला, दहाचे एकतीस जिल्हे एका दिवसात केले, पुढे तेहतीस. आंध्रने एप्रिल २०२२ मध्ये तेराचे सव्वीस. मग आम्हालाच का नाही, असा सवाल असतो. राजस्थानही बघा ना. २०२३ मध्ये तिथे नवे जिल्हे आणि तीन नवे विभाग झाले. सरकार बदललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यातले नऊ जिल्हे आणि तिन्ही विभाग रद्द झाले. ज्यांनी वर्षभरात पाट्या रंगवल्या, शिक्के बनवले, दप्तर हलवलं, त्यांनी ते परत आणलं. त्या कारकुनांची मला फार दया आली. अधिसूचनेने जे येतं ते अधिसूचनेनेच जातं, हा कलम ४ च्या सोपेपणाचा दुसरा अर्थ.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जनगणनेच्या आधी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी, ३१ डिसेंबर २०२५ नंतर सीमा बदलू नका, असं केंद्राने राज्यांना कळवलेलं आहे. म्हणजे गणती पुरी होईपर्यंत जिल्हा, तालुका, गाव यांची हद्द हलणार नाही. या काळात ‘पुढच्या महिन्यात जिल्हा’ असं जो सांगेल, त्याला नियम माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नाही असं तो धरून चालला आहे. पण तयारी करायला हाच काळ चांगला. गणतीचे नवे आकडे आले की प्रस्ताव त्यांवरच तपासले जातील.

तयारी म्हणजे मोर्चा नव्हे. मागणी करणाऱ्या सगळ्या तालुक्यांनी आधी मुख्यालयाचं एक नाव आपसांत ठरवावं. ते होत नसेल तर पुढचं काही करू नका, मंत्रालयात पहिला प्रश्न तोच येतो आणि तिथेच फाईल बंद होते. मुख्यालयाला लागणारी सरकारी जमीन कोणत्या गटात, किती हेक्टर, अतिक्रमण आहे की नाही, ते तलाठ्याकडून काढून ठेवा. खासगी जमीन घ्यायची वेळ आली की प्रस्ताव पाच वर्षं मागे जातो, आणि मधल्या काळात त्या जमिनीचे मालक बदललेले असतात. कसे बदलतात ते विचारू नका. गावोगावचे ग्रामसभेचे ठराव घ्या, पण झेरॉक्स मजकुराचे नकोत. प्रत्येक गावाने आपलं कारण आपल्या शब्दांत लिहावं: पावसाळ्यात कोणता रस्ता बंद होतो, एसटी किती वाजता आहे, परतीची आहे का, दवाखान्यासाठी लोक कुठे जातात. सुनावणी घेणाऱ्याला त्यातूनच काहीतरी कळतं.

आणि प्रारूप अधिसूचना निघाली की मुदतीच्या आत लेखी हरकत किंवा पाठिंबा नोंदवा, पाठिंबासुद्धा. आमच्या वेळी ज्या गावांना प्रस्ताव मान्य होता ती गप्प राहिली, आणि फाईलवर फक्त विरोधच दिसला. अर्ज टपालात टाकू नका. स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. सुनावणीची यादी आवक क्रमांकावरून तयार होते.